किल्ली कोणाच्या हातात

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावसारख्या वऱ्हाडी गावांत दानाला तोटा नाही. भागवत सप्ताह बसला की गव्हाची पोती येतात, मंदिराच्या पायरीवर देणाऱ्याचं नाव कोरलं जातं. हे देणं मनापासूनचं असतं. पण त्यानं जातीजातींतलं अंतर किती मिटलं, हे विचारायलाच हवं. महाप्रसाद साऱ्यांना मिळतो; देवस्थानच्या कारभारात कोण बसणार, हे मात्र बहुतेकदा ठरलेलंच असतं.

दानाची ही मर्यादा जुनीच आहे. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर तरुण भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड. त्या दानाचं मोल या देशानं पुढे पाहिलं. तरीही १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्याच शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना हुसकावून लावलं. राजाचं औदार्य खरं होतं, पण शहराच्या विटाळापुढे ते अपुरं पडलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९२० मध्ये आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपये दिले. त्यातून वृत्तपत्र उभं राहिलं, आणि त्यात काय छापायचं ते बाबासाहेब ठरवत.

मला सर्वांत मोठं वाटतं ते गाडगेबाबांचं देणं. बाबा आपल्याच वऱ्हाडातले, शेंडगावचे, परीट कुटुंबातले. अस्पृश्य वारकऱ्यांना पंढरपुरात कुणी ओसरी देत नसे, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. लोकांनी दिलेल्या पैशातून इमारत उभी केली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतःचा वंशज तिथे बसवला नाही, हुकूम मागे ठेवला नाही. ज्यांच्यासाठी बांधलं, त्यांच्याच हाती मालकी गेली. समतेच्या कामात दानाची कसोटी हीच, असं मी मानतो.

आसेगावसाठी कुणाला काही करायचं असेल, तर दलित वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका बांधावी आणि तिचा कारभार वस्तीतल्याच बायामाणसांकडे सोपवावा. पुस्तकं कोणती आणायची, कुलूप कधी उघडायचं, ते त्यांनी ठरवावं. आणि पाणवठ्याचा, स्मशानाच्या जागेचा प्रश्न निघाला, की त्याच दात्यानं ग्रामसभेत उभं राहून वस्तीच्या बाजूनं बोलावं. तिथे पावती फाडून भागत नाही.