फळ्या बदलल्यावर घर तेच राहतं का?

अमेरिकेच्या ईशान्य भागात शंभर वर्षांचं जुनं घर विकत घेतलं, की पहिली चर्चा बहुधा पायाखालच्या लाकडाची होते. ओकच्या 57 मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या. काही पाणी मुरून काळ्या पडलेल्या, काही इतक्या वेळा घासलेल्या की खिळ्यांची डोकी दिसू लागलेली. नव्या पट्ट्या हव्यात, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग कुणीतरी विचारतं: हे सगळं उपटल्यावर घर तेच राहणार का?

प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. राजा रथातून आलेला. नागसेन विचारतो, रथ म्हणजे चाकं का? आस का? जू का? राजा दर वेळी नाही म्हणतो. हे सगळे भाग एकमेकांच्या आधाराने असले, तरच ‘रथ’ हे नाव लागतं, इथवर दोघं येतात. पुढे दिव्याचा दाखला येतो. पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात तीच नसते, पण ती दुसऱ्या दिव्याचीही नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव दिलं; तो परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचाही तिथे मान राखला आहे.

जाणता सुतार नागसेनाचं हे उत्तर हातांनी देतो. नव्या पट्ट्या तो आधी काही दिवस त्याच खोलीत ठेवतो. त्यांची आणि खालच्या फळ्यांची आर्द्रता मोजतो. अरुंद पट्ट्यांसाठी हा फरक चार टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर पुढे फटी पडतात किंवा जमीन फुगते. खराब भाग तो चौकोन कापून काढत नाही. पट्ट्या लांब-आखूड सोडवतो, नवीची जीभ जुनीच्या खाचेत बसवतो आणि शेवटी सगळी जमीन एकदम घासून पॉलिश करतो.

पण मग जुन्याच्या जागी हळूहळू काहीही बसवलं तरी खपतं का?

नाही. लॅमिनेट फोमवर नुसतं पसरतात. ते कशालाही ठोकलेलं नसतं, जुन्या लाकडाशी त्याची सांगड नसते. उद्या उचलून नेलं तरी घराला त्याचा पत्ता लागत नाही. रथाची कसोटी इथे नेमकी लागू पडते: शेजाऱ्याला धरून राहील तीच पट्टी घराची.

भाग बदलूनही वस्तू तीच राहते, हा विचार जपानमधल्या इसेच्या शिंतो देवस्थानाने फार पुढे नेला आहे. तिथली मंदिरं दर वीस वर्षांनी नव्याने उभारतात. पहिली वेळ 690 सालची, बासष्टावी 2013 ची. मध्ये युद्धांमुळे खंडही पडला. भाविकांसाठी देवस्थान तेच आहे. मुख्य मंदिरांचे जुने खांब उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरणद्वारांना लागतात आणि आणखी वीस वर्षांनी दुसऱ्या गावी जातात. लाकूड आपल्याच वनातून मिळावं म्हणून 1923 मध्ये तिथे दोनशे वर्षांची लागवड योजना आखली गेली.

घरमालकाकडून एवढी अपेक्षा नाही. पण कपाटाच्या आतल्या जमिनीच्या जुन्या पट्ट्या काढून दर्शनी खोलीत लावता येतात, नव्या कपाटात जातात. अनेक सुतार असंच करतात. उरलेल्या पट्ट्यांचं बंडल लाकडाची जात आणि रुंदी लिहून तळघरात ठेवावं. पुढच्या मालकाला कधीतरी त्यातली एखादी लागणारच आहे.