सूट, मान आणि कच्चा लिंबू

घरच्या माणसांबरोबर खेळताना कच्च्या खेळाडूला सूट द्यावी का, हा पेच खेळाइतकाच जुना आहे. मराठी मुलांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला, तो म्हणजे कच्चा लिंबू. धाकट्याला खेळात घ्यायचं, मनसोक्त पळू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. पेच मात्र मोठेपणीही सुटत नाही.

महाड-पोलादपूरकडे भात कापून झालं की खाचरांत क्रिकेट सुरू होतं. जमीन खेळासाठी केलेली नसते. धसकटावर पडलेला चेंडू कधी बसतो, कधी कानाजवळून जातो. नियमही जागा पाहून ठरतात: बांध ओलांडला तर दोन रन, पऱ्यात गेला तर आऊट. मुंबईहून चाकरमानी आले की आजोबा, काका आणि सहा वर्षांचं पोर एकाच डावात उतरतात.

समुद्रकाठचं गोल्फ याच जातकुळीचं आहे. ब्रिटनच्या किनाऱ्यावर समुद्र आणि पिकाऊ जमीन यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्याला लिंक्स म्हणतात. नांगर चालत नव्हता, म्हणून तिथे मेंढ्या चरल्या आणि माणसं खेळली. उंचवटे, राठ गवत आणि सतत दिशा बदलणारा वारा हीच तिथली परीक्षा. अशा मैदानावर मुरलेला खेळाडू आणि त्याचा नवशिका भाऊ बरोबर निघाले, की खाचरातलाच प्रश्न उभा राहतो.

पोलादपूरजवळच्या एका बांधावर तो मामा-भाचीच्या बोलण्यात निघाला. मामा महाडचे, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले. भाची कॉलेजात शिकणारी.

‘मामा, मघाशी धाकटा बोल्ड झाला तरी तुम्ही नो बॉल म्हणालात.’

‘अगं, सहा वर्षांचं पोर. रडत घरी गेला असता.’

‘पण त्यानं दांडी उडालेली पाहिली होती. स्वतःच वाकून ती परत रोवली. पुढचा चेंडू त्यानं मनापासून खेळलाच नाही.’

मामा थोडं थांबले. मग त्यांनी गोल्फमधल्या 1969 च्या रायडर चषकाची गोष्ट काढली. इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेल या समुद्रकाठच्या मैदानावर अमेरिका आणि ब्रिटनचे गुण शेवटच्या खळग्यापर्यंत सारखे होते. ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा चेंडू खळग्यापासून दोन-तीन फुटांवर होता. तो चुकला असता तर अमेरिका जिंकली असती. अमेरिकेच्या जॅक निकलसनं तो फटका मारायला न लावता सोडून दिला आणि सामना 16-16 असा बरोबरीत सुटला. ‘खेळात याहून मोठं मन कुठलं?’ मामांनी विचारलं.

‘तो मान होता, मामा. जॅकलिन त्याच वर्षी ब्रिटिश ओपन जिंकलेला. बरोबरीच्या माणसाला निकलसनं विश्वास दिला. आपण धाकट्याला दया दिली.’

गोल्फमधला एक नियम हा पेच आणखी घट्ट करतो. समोरासमोरच्या सामन्यात सोडलेला फटका देणाऱ्याला मागे घेता येत नाही आणि घेणाऱ्याला नाकारताही येत नाही.

‘मग कच्च्यानं कायम हरायचं?’ मामा म्हणाले. ‘नात्यात सगळं मोजून चालत नाही गं.’

‘हरायचं नाही. गोल्फमध्ये हँडिकॅप असतो, जास्तीत जास्त 54. खेळ सुरू व्हायच्या आधीच ठरलेला. नवशिक्याला तेवढे फटके हक्कानं मिळतात, कुणाच्या मेहेरबानीनं नाही.’

हक्क आणि मेहेरबानी हे शब्द महाडच्या माणसासमोर उच्चारले की चवदार तळं आठवतंच. मामांनाही आठवलं. त्या लढ्याशी खेळाची बरोबरी होऊ शकत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. ‘पण एवढं खरं, की नगरपालिकेनं 1924 साली ठराव करूनही ते पाणी अस्पृश्यांना मिळालं नव्हतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांबरोबर माणसं स्वतः तळ्यावर गेली, स्वतःच्या ओंजळीनं प्यायली. दुसऱ्यानं देऊ केलेलं आणि आपण घेतलेलं, यात फार अंतर असतं.’

‘मग धाकट्याला कुणी विचारलं का, त्याला काय हवंय ते?’

विचारलं नव्हतं. पेचाचं मूळ इथेच आहे. सूट देणं वाईट नाही. पण ती डाव सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर आणि घेणाऱ्याच्या संमतीनं ठरली पाहिजे. डाव रंगात आल्यावर गुपचूप दिलेली सूट लहान मूलसुद्धा ओळखतं आणि त्याचा खेळ तिथेच संपतो. आजोबांना रनर देतानाही हेच लागू आहे.

पुढच्या डावाआधी मामांनी धाकट्याला विचारलं. त्यानं दोन जीव मागितले; तिसऱ्यांदा आऊट म्हणजे आऊट. तिसऱ्यांदा दांडी उडाली तेव्हा त्यानं बॅट स्वतःच पुढच्याच्या हातात दिली आणि फिल्डिंगला पऱ्याकडे पळाला.