पुढे पाठवणाऱ्याचे प्रमाण

कीर्तनात महाराजांनी एखादा विचार मांडला की समोर बसलेली जाणती मंडळी प्रमाणाची वाट पाहतात. आपल्या फडाची ही शिस्तच आहे. मनाला वाटले ते बोलून चालत नाही. बोलण्याला संतवचनाचे प्रमाण द्यावे लागते, आणि प्रमाणाचा पहिला शब्द निघाला की मागचे गायक, टाळकरी ते उचलून धरतात. ते त्यांना पाठ असते. वक्त्याने शब्द बदलला, चरण गाळला किंवा एका संताचे वचन दुसऱ्याच्या नावावर घातले, तर ते तिथल्या तिथे कळते. नारदाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या माणसालाही मागच्या पंधरा-वीस टाळकऱ्यांचा असा धाक असतो.

हीच मंडळी कीर्तन संपवून मांडवाबाहेर येतात, खिशातला मोबाइल काढतात, यूट्यूबवरून उतरवलेला कुठला तरी व्हिडिओ व्हॉट्सअॅपच्या चार गटांत टाकतात, आणि तेव्हा मात्र प्रमाण काय असे कोणी विचारत नाही. आपण बोलतो तेव्हा प्रमाण हवे आणि पाठवतो तेव्हा नको, असे का? पाठवणे हे बोलणे नव्हे काय? आपल्या खानदेशाला हा प्रश्न सोडून पुढे जाता येणार नाही. त्याचे कारण राईनपाडा.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला, राईनपाडा नावाची आदिवासी वस्ती आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तिथे आठवडे बाजार भरला होता. भिक्षेकरी असलेले पाच जण त्या बाजारात आले. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मोबाइलवर आठवडेच्या आठवडे येत होते. लोक जमले. त्या पाच जणांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तिथे पाचही जणांचा जीव गेला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. चौघे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले आणि एक कर्नाटकातला.

वारकऱ्याने इथे थांबले पाहिजे. मंगळवेढा म्हणजे दामाजीपंतांचे मंगळवेढा, कान्होपात्रेचे मंगळवेढा, चोखोबांनी देह ठेवला ते मंगळवेढा. पंढरपूरहून हाकेच्या अंतरावर. आणि नाथपंथ आपल्याला परका कधी होता? आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव ही आपली गुरुपरंपरा. निवृत्तिनाथांची धाकटी बहीण जळगाव जिल्ह्यात तापीकाठी विसावली आहे. त्या वर्षी आषाढी एकादशी २३ जुलैला होती. म्हणजे राईनपाड्यात हे घडत होते तेव्हा मुक्ताईंची पालखी पंढरीच्या वाटेवर होती. पंढरीजवळची माणसे पोटासाठी खानदेशात आली होती आणि खानदेशची माणसे देवासाठी पंढरीकडे निघाली होती. आपल्या दिंड्यांना त्या मुलखात भाकरी मिळते, पाणी मिळते, अंगणात झोपायला जागा मिळते.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी ज्याची सर्वांत जास्त चर्चा झाली, तो मुळात कराचीतला होता. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलतात आणि निघून जातात. एवढेच आपल्याकडे पोहोचले. मूळ चित्रण पुढे चालते. ते दोघे मागे वळतात, मुलाला जागेवर आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. मुलावरची नजर क्षणभर हटली तर काय होऊ शकते, हे आईबापांना सांगण्यासाठी एका संस्थेने मुद्दाम केलेले ते चित्रण होते. कोणी तरी तो शेवट कापला. सीरियात २०१३ साली विषारी वायूने मेलेल्या लेकरांची चित्रेही अशीच आपल्या बाजारपेठांपर्यंत आली, ती अवयव काढून घेतलेली मुले म्हणून.

अभंगाचा शेवटचा चरण कापला तर काय जाते? नाममुद्रा जाते. हे कोण म्हणतो, ते जाते. तुकोबांचा अभंग तुकोबांच्या नावापाशी येऊन पुरा होतो, आणि कित्येक अभंगांत तर आधीच्या चरणांचा खरा अर्थ तिथे आल्यावरच उलगडतो. म्हणून गाताना मधले चरण गाळले तरी मुद्रेचा चरण कोणी गाळत नाही. व्हिडिओ एका ठिकाणाहून उतरवून दुसऱ्या ठिकाणी चढवला की नेमके हेच घडते. यूट्यूबवर असताना त्याला टाकणाऱ्याचे नाव असते, तारीख असते, खाली काही लिहिलेले असते, कोणी ‘हे खोटे आहे’ म्हटले असेल तर तेही दिसते. उतरवून घेतलेली फाइल यातले काहीच सोबत आणत नाही. नुसती लिंक पाठवली तर निदान मुळापर्यंत जाण्याची वाट राहते. फाइल पाठवली की ती वाटही बंद. मग हातात उरते ते अनाथ चित्र. त्याला जो ज्या गावाचे नाव देईल, ते त्या गावाचे.

प्रमाणांचा विचार आपल्या भागाला नवा नाही. १९१६ साली अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, तिथे देशभरचे अभ्यासक येऊन याच चर्चा करीत. न्यायशास्त्र चार प्रमाणे मानते : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. विश्वासू माणसाने सांगितले ते शब्दप्रमाण. त्या विश्वासू माणसाला शास्त्रात आप्त म्हणतात. ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो, तो आप्त.

माझ्या समजुतीप्रमाणे सगळी गफलत इथे आहे. व्हिडिओ पाहणाऱ्याला वाटते, मी हे डोळ्यांनी पाहिले. प्रत्यक्षच आहे, आणखी पुरावा कशाला? पण त्याने पाहिले ते काय? काचेवरचे हलणारे चित्र. ते कुठले, कधीचे, पुढे काय झाले, हे त्याला कोणी तरी सांगितलेले असते. म्हणजे व्हिडिओ दिसतो प्रत्यक्षासारखा आणि असतो शब्द. शब्द म्हटला की आप्त कोण, हे विचारावेच लागते. आणि मराठीत तर आप्त या शब्दाला दुसराही अर्थ आहे. आप्त म्हणजे सोयरा, नात्यातला. फॉरवर्ड येतो तो मामाकडून, व्याह्यांकडून, दिंडीतल्या जोडीदाराकडून. नात्याने आप्त असलेला माणूस आपण ज्ञानाने आप्त धरून चालतो. मामा खोटे कशाला पाठवतील? मामा खोटे पाठवत नाहीतच. त्यांनाही त्यांच्या एका आप्तानेच पाठवलेले असते.

यावर उत्तर ठरलेले आहे : मी फक्त पुढे पाठवले, बनवले तर नाही ना? हे उत्तर आपल्या संप्रदायाला शोभत नाही. आपला सगळा ठेवाच पुढे पाठवण्याने टिकला आहे. ज्ञानेश्वरी हातोहात नकलून घराघरांत गेली. नकला करणारे काही दुष्ट नव्हते, भाविकच होते. तरी तीनशे वर्षांत पाठ बिघडला. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये (१५८४ साली) प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी मिसळू नये, अशी ताकीदही दिली. हाती आले ते जसेच्या तसे उतरवून काढणे त्यांना सोपे नव्हते काय? ज्याच्या हातून पुढे जाते, त्याच्यावर ते शुद्ध ठेवण्याचा भार असतो, हे नाथांनी धरले.

सगळ्यांचा दोष सारखा, असे मात्र मी म्हणणार नाही. नातवाच्या काळजीने व्हिडिओ मुलीला पाठवणारी आजी आणि शेवट कापणारा माणूस एका पारड्यात बसत नाहीत. मला सर्वांत जड वाटतो तो तिसराच, व्हिडिओखाली ‘ही टोळी आपल्या भागात आली आहे’ अशी ओळ घालणारा. कराचीच्या चित्रात साक्री नव्हते. ते या ओळीने आणले, आणि ती ओळ आपल्याच भाषेत, आपल्यातल्याच कोणी तरी लिहिलेली असते. त्याच्या खालोखाल दोष, संशय येऊनही गटात गप्प बसणाऱ्यांचा. त्या वर्षी व्हॉट्सअॅपच्या एका गटात २५६ माणसे बसत. पाच गटांना पाठवले तर १,२८० जण. एवढ्यांत एकाला तरी शंका आलीच असेल. कीर्तनात चरण चुकला तर टाळकरी महाराजांना सावरतात, पण गटात ‘अण्णा, हे कुठले आहे?’ विचारायला जीभ रेटत नाही. मोठ्या माणसाचा अपमान होईल म्हणून.

राईनपाड्यानंतर कंपनीने व्हिडिओवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण लावली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. २०२० मध्ये, फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी झुंडबळीविरुद्ध राज्यांना आदेश दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने राईनपाड्याच्या खटल्यात सात जणांना जन्मठेप दिली. हे सगळे आवश्यकच होते. पण जन्मठेप झाली ती ज्यांनी हात उचलला त्यांना. व्हिडिओ ज्या शेकडो अंगठ्यांखालून गेला, त्यांचा हिशोब कुठल्या न्यायालयात होत नसतो.

त्या मारहाणीचेही व्हिडिओ निघाले, आणि तेही फिरले. एका व्हिडिओने माणसे मारली आणि मरणाऱ्या माणसांचा दुसरा व्हिडिओ झाला. त्या चित्रणावरून पोलिसांना माणसे ओळखता आली, हे खरे. ते पोलिसांच्या हाती देणे हे कर्तव्यच. पण तेच चित्रण जेवणानंतर मेहुण्याला पाठवणे, याला काय म्हणावे? फाइल तीच. कोणाला देतो आणि कशासाठी देतो, एवढ्याने कर्माची जात बदलते. ज्यांची माणसे गेली, त्यांच्या घरीही मोबाइल होतेच. आपला बाप मार खाताना पाहण्याची पाळी त्या लेकरांवर कोणी आणली?

आता आपल्या घरचे पाहू. दोन तासांच्या कीर्तनातले तीस सेकंद कापून, खाली भलतेच संगीत लावून, त्याची रील होते. दृष्टांत राहतो, सिद्धांत जातो. महाराजांनी ज्या मताचे खंडन करण्यासाठी ते मत आधी मांडलेले असते, तेच त्यांचे मत म्हणून गावोगाव फिरते आणि त्यावरून भांडणे लागतात. पाठवणारे बहुतेक आपलेच माळकरी. मुक्ताईंच्या पालखीचे व्हिडिओ, रिंगणाचे व्हिडिओ, खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्यासाठी घरी पाठवलेले माउलींच्या अश्वाचे दर्शन, हे याच वाटेने जाते आणि ते मोठे पुण्याचे काम आहे, यात मला शंका नाही. म्हणून मोबाइल टाकून द्या, असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही.

इतके तपासत बसायला वेळ कोणाला आहे, असेही विचारले जाते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गेले. नामदेवराय त्यांच्या अस्थी आणायला गेले तेव्हा ढिगाऱ्यात सगळ्यांची हाडे मिसळलेली. दिसायला सगळी सारखीच. परंपरा सांगते, नामदेवरायांनी एकेक अस्थी कानाशी धरली आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले तेवढीच उचलली. तीच महाद्वारी समाधीत आहेत. घाई त्यांनाही असणारच, जिवलगाच्या दुःखाची. वरची चार हाडे उचलून आणली असती तर पंढरपुरात कोण विचारणार होते?

राईनपाड्यात ते पाच जण गेले, त्याच रात्री शेजारच्या मालेगावात आणखी पाच जणांना गर्दीने घेरले. त्यांच्यात दोन वर्षांचे एक मूलही होते. हे मूल पळवलेले आहे, असे गर्दीचे म्हणणे. पोर आपल्याच माणसांना बिलगलेले सगळ्यांसमोर दिसत होते. प्रत्यक्ष म्हणायचे तर तेच. तरी मोबाइलमधले त्याहून खरे वाटत होते. त्याच वस्तीतल्या एका माणसाने त्या पाचही जणांना आपल्या घरात घेतले. बाहेर लोक वाढत गेले, त्यांना बाहेर काढा म्हणून ओरडत राहिले. पोलीस येऊन त्यांना सुखरूप नेईपर्यंत ते कुटुंब त्या घरात होते.