चवीची साक्ष

ज्याची त्याची आवड, असे म्हणून आपण किती वाद मिटवतो! कढीत गूळ असावा की नसावा, हुमणात तिरफळे किती घालावीत, अशा प्रश्नांवरून घरे फुटू नयेत म्हणून हे वचन उपयोगी आहे खरे. परंतु जो मनुष्य हे म्हणतो तोच दुसऱ्या क्षणी 'अमक्याला चवीतले काही कळत नाही' असेही बोलून जातो. या दोन विधानांपैकी एक तरी खोटे असले पाहिजे. कोणते, हा प्रश्न मला गेली काही वर्षे छळीत आहे. आणि तो छळू लागण्यास कारण झाली ती बिअरची एक बाटली.

माझा पुतण्या बंगळूरला बिअर बनविणाऱ्या एका लहान कारखान्यात कामाला आहे. बेल्जममधून परत येताना त्याने 'लँबिक' जातीच्या बिअरची बाटली माझ्यासाठी आणली. ब्रुसेल्सच्या आसपास ही बिअर होते. जवाच्या जोडीला मोड न आणलेला गहू घेऊन त्यांचा काढा करतात, आणि तो उथळ, उघड्या भांड्यात रात्रभर निवत ठेवतात. विरजण कोणी घालीत नाही. हवेतून आणि लाकडातून जे सूक्ष्म जीव येतील त्यांच्यावर भिस्त. उन्हाळ्यात नको ते जंतू माजतात म्हणून हे काम थंडीतच करावयाचे. पुढे एक, दोन, तीन वर्षे ती लाकडी पिपांत पडून असते. हे सर्व पुतण्याने मला इतक्या भक्तिभावाने सांगितले की पेला हाती घेताना तीर्थ घेतल्यासारखे वाटले.

मी घोट घेतला. आंबून गेलेल्या ताकात तबेल्यातले ओले घोंगडे बुडवून काढावे, तशी ती चव होती. पुतण्या माझ्या तोंडाकडे मोठ्या आशेने पाहत होता. मी म्हणालो, "उत्तम!"

घोंगड्याची उपमा माझी, असे मी समजत होतो. मागाहून कळले की जाणकार मंडळी या वासाला घोड्याच्या घोंगडीचाच वास म्हणतात, आणि ती निंदा नसून स्तुती असते! हा वास 'ब्रेटानोमायसिस' नावाच्या यीस्टमुळे येतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यातील क्लाउसन या शास्त्रज्ञाने १९०४ साली इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरमध्ये त्याचा शोध लावून त्याला हे नाव दिले. गंमत अशी की द्राक्षमद्य करणारे बहुतेक लोक याच यीस्टला शत्रू मानतात. तो वास बळावला तर पिंपेच्या पिंपे नासली असे समजतात. वास तोच, द्रव्य तेच. एका पिंपात तो दोष आणि दुसऱ्यात गुण. बिअरमध्ये लोण्याचा वास आला तर तो एका रसायनाचा, आणि बाटलीवर ऊन पडून उग्र दुर्गंधी सुटली तर ती हॉप्सच्या कडवट अंशावर प्रकाशाने केलेल्या क्रियेची. मॉर्टेन माइलगार्ड या रसायनज्ञाने १९७० च्या दशकात असल्या चवींचे एक चक्रच आखले. म्हणजे चाखणाऱ्यांची भाषा ही केवळ फुशारकी नव्हे, एवढे मला मान्य करावे लागले. तिच्या मागे वस्तू आहे.

डेव्हिड ह्यूम याने १७५७ साली अभिरुचीवर जो निबंध लिहिला, त्यात त्याने 'डॉन किहोटे'मधली एक गोष्ट घेतली आहे. सांको पांझाच्या दोन नातलगांना एका पिंपातले मद्य चाखावयास दिले. एक म्हणाला, मद्य चांगले आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगलेच आहे, पण लोखंडाची लागते. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली.

गोष्ट सुरेख आहे, आणि फार सोयीचीही. किल्लीने सिद्ध झाले ते इतकेच, की मद्यात चामडे आणि लोखंड होते. चामड्याची चव मद्याला शोभते की नाही, याबद्दल ती किल्ली काय सांगणार? लँबिकच्या पिंपातली किल्ली तर केव्हाच सापडली आहे, शास्त्रज्ञांनी तिचे बारसेही केले आहे. तरी ती तिथे असावी की नसावी हा वाद आहे तिथेच आहे. कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात हा वाद मुळातच तोडून टाकला: अमुक मद्य सुखद आहे असे म्हणू नये, 'मला' सुखद आहे असे म्हणावे, सौंदर्याची गोष्ट वेगळी. आपल्या भरताने मात्र नाट्यरस समजावून देण्यासाठी नाना व्यंजनांनी युक्त असे अन्न चवीने जेवणाऱ्या माणसाचाच दृष्टान्त घेतला. जिभेला त्याने इतके हलके लेखले नाही, आणि माझे मन त्याच्याकडे झुकते.

पण जिभेची साक्ष ग्राह्य धरावी तर ती साक्षीदार फितूर होण्यास किती तत्पर! २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात मद्यविद्येच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरे द्राक्षमद्य केवळ लाल रंग घालून दिले. त्यांनी त्याच्या वासाचे वर्णन तांबड्या मद्याच्या शब्दांनी केले. २००६ चा एक अमेरिकी प्रयोग याहून मार्मिक आहे. बिअरमध्ये व्हिनेगरचे काही थेंब टाकले होते. हे आधी सांगितले त्यांना ती फारशी रुचली नाही. पिऊन झाल्यावर सांगितले त्यांचे मत ठाऊकच नसलेल्यांसारखे, चांगले राहिले. म्हणजे ज्ञानाने केवळ निकाल बदलत नाही. खुद्द चवच बदलते.

हे वाचले आणि मला माझे मामा आठवले. सत्तरीत त्यांची काजूची भट्टी होती. मार्च ते मे हा मोसम. झाडावरून आपोआप गळलेले बोंडू वेचावयाचे, तुडवून रस काढावयाचा, तो आंबला की तांब्याच्या भाणात चढवावयाचा. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. मामा घोटभर तोंडात घेत आणि थुंकून टाकीत. बोंडू कुजके होते की काय, जाळ फार झाला की काय, ते एवढ्यावर सांगत. त्यांना रसिक कोणी म्हटले नाही. काचेच्या नाजूक पेल्यात नाक घालणाऱ्यास आपण रसिक म्हणतो, आणि तावेर्नात बसलेल्यास बेवडा. ही वाटणी जिभेने केलेली नसून खिशाने केलेली आहे.

एका मोसमात एक भाण तळाला लागले. नेहमीच्या गिऱ्हाइकाने तो हुर्राक चाखला, मान डोलावली आणि पैसे काढले. मामा म्हणाले, "करपट लागतो तो." गिऱ्हाईक म्हणाले, "मला नाही लागत." "पुन्हा घ्या." त्याने पुन्हा घेतला, आणि आता त्याला करपट लागला. त्याने भाव पाडून मागितला व मामांनी तो दिला. मामी रात्रभर बोलत होती. तिचे म्हणणे असे, की माणूस समाधानाने निघाला होता, त्याच्या तोंडात करपटपणा तुम्ही घातलात. मग खोट तुम्ही दाखवलीत की तुम्हीच केलीत? मामांजवळ उत्तर नव्हते. ते एवढेच म्हणाले, "मला लागला ना."

मामीचा युक्तिवाद आजच्या प्रयोगांनी बळकट केला आहे, हे मी नाकारीत नाही. तरीही मामांच्या त्या तीन शब्दांशी मी माझे 'उत्तम' ताडून पाहतो तेव्हा मला अस्वस्थ वाटते. मामांनी आपल्या जिभेला जे लागले ते सांगितले आणि तोटा सोसला. मी जिभेला लागले नाही ते सांगितले, आणि मिळवले काय, तर एका मुलाचे हसू. लँबिकची थोरवी मला न कळणे हा अपराध नव्हे. परंतु आपण खोटी साक्ष देऊ लागलो की पुढे आपल्याला खरोखर काय लागते हे आपल्यालाच कळेनासे होते. मला माझ्या कितीतरी जुन्या आवडींचा संशय येऊ लागला आहे, त्यांत काही नामांकित कवीही आहेत.

गेल्या दिवाळीत मी पुतण्याला हे सारे सांगून टाकले. तो रागावला नाही, जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, पहिल्यांदा मलाही नव्हती आवडली. पण तिथे सगळे पाहत होते." मग त्याने दुसरी बाटली काढली. या खेपेस माहिती काही सांगितली नाही, आणि मी पीत असताना मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिला. घोंगडे होतेच, मात्र त्याच्या मागे कच्च्या सफरचंदासारखे काहीतरी होते, जे मागच्या वेळी मला लागले नव्हते. मी त्याला तेवढेच सांगितले.