ढाल आणि विश्वास

ढाल ही निरुपद्रवी वस्तु आहे असें सर्वच मानतात. तरवार उगारणाऱ्यास जग जाब विचारतें. ढाल पुढें करणाऱ्यास कोणी विचारीत नाहीं. तो बिचारा स्वतःचें अंग तेवढें झांकतो, त्यानें दुसऱ्याचें काय घेतलें? हा प्रश्न वरवर निरुत्तर करणारा आहे खरा. पण अण्वस्त्रें बाळगणाऱ्या राष्ट्रांस गेल्या साठ वर्षांत ज्या प्रश्नानें वारंवार चकविलें, तो हाच होय असें आम्हांस वाटतें. त्याचा विचार करण्यास वॉशिंग्टन-मॉस्कोपासून आरंभ करावयास नको. आम्ही हें लिहितों त्या कवठे महांकाळच्या शेजारीं तासगांव आहे, आणि तासगांवचें नांव एका जुन्या तहांत आहे.

इ. स. १७३१ च्या एप्रिल महिन्यांत साताऱ्याचे शाहूमहाराज व कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यामध्यें वारणेचा तह झाला. दोघेही शिवछत्रपतींचे नातू. दोघेही छत्रपति म्हणविणारे. आणि मागें भाऊबंदकीचें जुनें वैर. तहानें वारणा नदी सरहद्द ठरली, व आज सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांच्या मधूनही ती सरहद्द म्हणूनच वाहते. परंतु आमचें लक्ष वेधतात तीं त्यांतील धाकटीं कलमें. वडगांवचें ठाणें पाडून टाकावें. तासगांव, अथणी वगैरे ठाणीं कोल्हापूरकरांनीं साताऱ्याच्या स्वाधीन करावीं. एकाचे चाकर दुसऱ्यानें पदरीं ठेवूं नयेत. ठाणें म्हणजे कांहीं तोफ नव्हे. तें रयतेच्या रक्षणासाठीं आहे असें कोणताही ठाणेदार शपथेवर सांगेल. मग तें पाडण्याची अट कां? कारण भिंतीआड निर्धास्त झालेला मनुष्य उद्यां बाहेर पडून काय करील, याची शेजाऱ्यास खात्री नसते. ढालीचा अर्थ ढाल धरणारा ठरवीत नाहीं, समोरचा ठरवितो.

अण्वस्त्रांच्या युगांत हेंच कोडें अक्राळविक्राळ होऊन पुढें आलें. ज्याच्यावर पहिला घाव पडेल त्याच्यापाशीं उलट मारण्यास थोडींच क्षेपणास्त्रें उरणार. आणि अपुरी ढालसुद्धां तीं थोडीं अडवूं शकेल. म्हणजे ढालीचा खरा उपयोग आधीं घाव घालणाऱ्यासच अधिक! हें ओळखून अमेरिका व सोव्हिएट रशिया यांनीं १९७२ सालीं करार केला कीं, उभयतांनीं आपलीं बहुतेक सर्व शहरें अशा ढालीवांचून उघडीं ठेवावीं. १९८३ सालीं अध्यक्ष रेगन यांनीं या व्यवस्थेविरुद्ध नीतीच्याच नांवानें आवाज उठविला. सूड घेण्याच्या धमकीवर जगण्यापेक्षां प्राण वांचविणें श्रेयस्कर नव्हे काय, हें त्यांचें विचारणें होतें. तें मुळींच क्षुद्र नव्हतें. तथापि १९८६ मध्यें रेक्याविक येथें रेगन व गोर्बाचेव्ह अण्वस्त्रांच्या निर्मूलनाच्या अगदीं जवळ आले असतां बोलणीं मोडलीं, तीं याच ढालीवरून. २००२ सालीं अमेरिका त्या करारांतून बाहेर पडली. २०१८ सालीं रशियानें नवीं अस्त्रें जगास दाखविलीं आणि तीं त्या ढालीस उत्तर म्हणून आहेत असें सांगितलें. आपल्याकडेही तेंच. २००६ च्या नोव्हेंबरांत भारतानें क्षेपणास्त्रास आकाशांतच गांठण्याची पहिली चांचणी केली. २०१७ च्या जानेवारींत पाकिस्ताननें अनेक स्फोटकाग्रें वाहणाऱ्या ‘अबाबील’ची चांचणी केली, तेव्हां या भागांतील वाढत्या क्षेपणास्त्रविरोधी व्यवस्थेचेंच कारण दिलें.

येथें कोणी म्हणेल, ‘तुमचें हें तत्त्वज्ञान पुरे, ज्याच्या हातीं रयतेचे प्राण आहेत त्यास ते शत्रूपुढें उघडे टाकण्याचा अधिकार काय?’ हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाहीं. १९६२ च्या पराभवानंतर ज्यांस संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस जावें लागलें, त्या यशवंतरावांचें जन्मगांव देवराष्ट्रें आमच्याच जिल्ह्यांत आहे. भाबड्या विश्वासाची किंमत आम्हांस नव्यानें शिकावयाची नाहीं. परंतु विश्वास म्हणजे भाबडेपणा, हीच मुळीं चुकीची समजूत होय. मित्रावर ठेवावयाचा तो स्नेह. विश्वास हा खरोखर वैऱ्याशींच करावयाचा व्यवहार आहे, आणि तो मोजूनमापून, कागदावर व पुनःपुन्हा करावा लागतो.

१९८८ च्या ३१ डिसेंबरास भारत व पाकिस्तान यांनीं एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. आमचीं तुर्भें व तारापूर येथील केंद्रें अशाच कराराच्या आश्रयास आहेत. त्याप्रमाणें १९९२ पासून दर १ जानेवारीस उभयतां आपल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांस देत आले. कारगिलचें युद्ध झालें, तरी याद्या दिल्या गेल्या. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला. जखम ओली असतांच पांच आठवड्यांनीं १ जानेवारी उजाडली, आणि याद्या दिल्या गेल्या. ज्याच्यावर संताप आहे त्याच्याच हातीं आपलीं मर्मस्थानें लिहून द्यावयाचीं, यांत दुबळेपणा आहे काय? आम्हांस तर यापेक्षां कठीण असें धैर्य दिसत नाहीं. पुढें २०२२ च्या ९ मार्चास भारताचें एक क्षेपणास्त्र चुकून सुटलें व पाकिस्तानांत मियां चन्नूजवळ पडलें. त्यांत स्फोटक नव्हतें, कोणी मेलें नाहीं. पण त्या घटकेला आपलें रक्षण कोणत्याही ढालीनें झालें नाहीं. समोरच्यानें हात आंवरला म्हणून झालें.

तह अमर नसतात हें आम्ही जाणतों. वारणेचा तह होऊन सत्तर वर्षेंही लोटलीं नव्हतीं, तोंच १७९९ सालीं तासगांवचे परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरकरांशीं लढतांना पट्टणकुडीस पडले. एका पिढीनें मिळविलेला विश्वास दुसरीस वारशानें मिळत नाहीं. तो तिनें आपल्या हातानें पुन्हा मिळवावा लागतो.

म्हणून ढाल नकोच, असें आमचें म्हणणें नाहीं. रात्रीं निर्धास्त झोंप कोणास नको? परंतु जो ढाल उभारील त्यानें तिची लांबीरुंदी शेजाऱ्यास आधीं सांगावी, तिच्याआडून काय करणार नाहीं हें लिहून द्यावें, आणि शेजाऱ्याची भीति ही त्याची लबाडीच आहे असें घाईनें समजूं नये. वडगांवचें ठाणें पाडा असें ज्यांनीं तहांत लिहिलें, ते लढवय्येच होते. भिंतीचें मोल त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक होतें. तरीही सलोख्यासाठीं कोणती भिंत पाडावी लागते, याचा त्यांनीं विचार केला.