आईस सोडून द्यावे

1886 साली उघडलेल्या पुण्याच्या मंडईत आजही गुळवेल, अडुळसा, अर्जुनसाल विकावयास येते. तो माल आपल्यांतील कित्येकांच्या हातांनी रानातून निघतो, म्हणून आम्ही हे लिहितो.

पक्ष्याचे घरटे सापडल्यास पिले घ्यावी, पण आईस सोडून द्यावे, असे मोशेच्या नियमशास्त्रात आहे (अनुवाद 22). वनस्पतींसही हाच न्याय लावावा. गुळवेलीचे कांड जमिनीपासून वीतभर राखून कापले, तर वेल पुन्हा फुटते. अर्जुनाची साल भोवताली सोलली, की पानांत तयार झालेले अन्न मुळांस पोहोचत नाही व झाड वाळते; एका बाजूची अरुंद उभी पट्टीच काढावी. दशमुळांचे मात्र कठीण. बेल, शिवण, टेटू यांचे मूळच हवे असते. ती झाडे बांधावर लावावी हे बरे.

पण भाव वजनावर ठरतो, आणि मोळी वाहणाऱ्या बाईस चूल आजच पेटवावयाची असते. तिलाच दोष देऊन मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. मंडईतील गिऱ्हाइकानेही, घासाघीस करण्यापूर्वी, माल कोठून व कसा काढला हे विचारावे, आणि राखून काढलेल्यास दोन पैसे अधिक द्यावे.