सिस्टर, काय करायचं?

अकाली जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत नीतीचा प्रश्न निघाला की चर्चा व्हेंटिलेटरपाशी जाते. उपचार कुठवर ताणायचे, कधी थांबायचे. खापरसारख्या गावात प्रश्न त्याच्या बराच आधी उभा राहतो. अक्कलकुवा तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेलगतचं हे गाव. दीड किलोच्या बाळाला नवजात कक्ष हवा, तर तळोदा मागे टाकून, तापी ओलांडून नंदुरबार गाठायचं. सरकारी गाडी फुकट मिळते. पण घरी आधीची दोन लेकरं, बुडणारी मजुरी, ऊसतोडीला गुजरातेत निघायची वेळ. बाप विचारतो, "सिस्टर, काय करायचं?"

तो डॉक्टरांना विचारत नाही, हे लक्षात घ्या. नर्सने 'जाच' म्हटलं आणि बाळ वाटेत गार पडून दगावलं, तर बोल तिच्यावर. 'तुम्ही ठरवा' म्हणणं सोयीचं, पण ते निव्वळ पळ काढणं आहे. संमतीचा कागद मराठीत, घरातली बोली वसावी किंवा भिली. आशाताईंनी दोन वाक्यांत अर्थ सांगितला आणि अंगठा उठला, तर त्याला संमती म्हणायला माझं मन धजत नाही.

कक्षात पोचल्यावर पेच बदलतात. ऑक्सिजन कमी पडला तर जीव जातो, जास्त झाला तर डोळ्यांचा पडदा बिघडून दृष्टी जाऊ शकते. नळीवर नजर नर्सची. नियमाने तीन-चार खाटांमागे एक नर्स हवी. बाळं दुप्पट असली की आधी कोणाकडे धावायचं, हे कोणताही नियम सांगत नाही.

आईला बाहेर बसवणं पूर्वी शिस्तीत मोडायचं. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एक ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू सुमारे पाव हिश्शाने घटले. म्हणजे आईला दूर ठेवणं हाच आता अपाय. पण कक्षात तिला खाट नसेल, तर तिला बाहेर पाठवणारी नर्स दोषी की खाट न देणारी व्यवस्था?

व्यवस्थेचं उत्तर आपण भंडाऱ्यात पाहिलं. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. पुढे दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्यांची चूक किती, हे न्यायालय ठरवील. मला खटकतो तो उतार: अधिकार वर राहतात, जबाबदारी घरंगळत खाली येते.

याच महाराष्ट्रात उलटंही घडलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, प्रसंगी इंजेक्शन देण्याचा अधिकारही दिला. यावर कपाळाला आठ्या घालणारे कमी नव्हते. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: त्या गावांत नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटले. विश्वास टाकला, शिकवलं, पाठीशी उभं राहिलं की हात थरथरत नाहीत.

म्हणून नर्सना नीतीचे धडे देण्याआधी तीन गोष्टी द्या. बाळं वाढली तर जादा नर्स मागण्याचा आणि ती मागणी लेखी नोंदवण्याचा अधिकार. वसावी-भिली जाणणारी बाई प्रत्येक पाळीत. आणि कुपोषित मुलाच्या पालकाला देतात तशी बुडीत मजुरी, अकाली बाळाच्या आईला, बाळ घरी जाण्यापूर्वी.